नोंद कोणाची, निर्णय कोणाचा?

पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांत शेळगांव नांवाचें गांव आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्यानें जमीन विकत घेतली, किंवा घरांतील कर्ता माणूस वारल्यामुळें जमिनीवर मुलांचीं नांवें लावावयाचीं असलीं, म्हणजे महाराष्ट्रांतील इतर कोणत्याहि गांवाप्रमाणें तेथेंहि एक ठराविक रीत पाळली जाते. तलाठ्याच्या दप्तरांत गांवनमुना सहा म्हणून एक वही असते. तिला फेरफार नोंदवही म्हणतात. तींत घडलेला बदल अनुक्रमांक घालून लिहिला जातो. ज्यांचा त्यांत हितसंबंध असेल त्यांना नोटीस जाते. कोणाची हरकत आली तर ती ऐकली जाते, आणि मग तलाठ्याहून वरचा अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सात-बाराच्या उताऱ्यावर नवें नांव चढतें. या साध्या रीतींत एक मोठें शहाणपण सांठविलेलें आहे. जो लिहितो तो मंजूर करीत नाहीं. आणि जो मंजूर करतो त्याला न लिहिलेल्या गोष्टीवर शिक्का मारतां येत नाहीं.

हेंच शहाणपण संगणकाच्या जगांत ‘सी’ नांवाच्या भाषेंत काम करणाऱ्या मंडळींना पुन्हां नव्यानें शिकावें लागलें, आणि शिकतांना ठेंचाहि पुष्कळ लागल्या. यंत्राच्या पोटांत काय घडलें याचे निरोप कोणीं लिहावे, किती लिहावे, कोठें लिहावे आणि ते वाचून पुढें काय करावयाचें हें कोणीं ठरवावें, हा तो प्रश्न. तो केवळ यंत्रविशारदांचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. आतां सात-बाराचा उताराहि संगणकांतूनच निघतो. बँकेचें खातें, आगगाडीचें तिकीट, रुग्णालयांतील तपासणीचा कागद, सर्व कांहीं त्याच वाटेनें घरीं येतें. एका खात्यांतून पैसे गेले आणि दुसऱ्या खात्यांत पोंचले नाहींत, तर मधल्या कोणत्या पायरीवर ते अडले हें सांगणारा साक्षीदार एकच उरतो: यंत्रानें त्या वेळीं केलेली नोंद. ती नसेल, किंवा असून खोटी असेल, तर गृहस्थाची बाजू खरी असूनहि ती सिद्ध करतां येत नाहीं.

मराठी कारभाराला ही गोष्ट कधींच परकी नव्हती. मराठेशाहींतील सरकारी पत्रांवर ‘बार’ किंवा ‘सुरू सूद’ असे लहानसे शेरे आढळतात. पत्र दप्तरांत रुजू होऊन मग बाहेर पडलें, असें ते शेरे सांगतात. सरकारी कचेऱ्यांतील ‘बारनिशी’ हा शब्द त्याच परंपरेंतला. बारनिशीचा कारकून आलेल्या प्रत्येक कागदास क्रमांक देतो. तारीख, पाठविणाऱ्याचें नांव व विषय लिहितो. आणि कागद ज्याच्या मेजावर जावयाचा तेथें पाठवितो. अर्ज मंजूर करावा कीं फेटाळावा याच्याशीं त्याचा संबंध नसतो. तो आपलें मत लिहूं लागला तर बारनिशी बिघडते, आणि एखादा कागद न नोंदतांच पुढें सरकवूं लागला तर सगळी कचेरीच बिघडते.

पुण्याच्या हुजूर दप्तरांतील रोजकीर्दीहि अशाच होत्या. त्या त्या दिवशींचा जमाखर्च व सुटलेल्या आज्ञा तारीखवार उतरल्या जात. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत या दप्तराची पुष्कळ हेळसांड झाली. तरीहि जें उरलें तेवढ्याच्या बळावर गणेश चिमणाजी वाड यांना पेशव्यांच्या रोजनिश्यांतील वेंचे निवडतां आले, न्यायमूर्ति रानडे यांना त्यांवरून मराठ्यांच्या राज्यकारभाराचें चित्र उभें करतां आलें, आणि रियासतकार सरदेसाई यांना १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादितां आले. लिहिणाऱ्या कारकुनांना इतिहास लिहावयाचा नव्हता. त्यांनीं केवळ तारीख, माणूस, रक्कम आणि हुकूम एवढेंच चोख लिहिलें. म्हणून शंभर वर्षांनंतर वेगळेच प्रश्न विचारणाऱ्या माणसालाहि त्या कागदांनीं उत्तर दिलें.

याच्या उलट, नोंदीची मांडणी चुकली म्हणजे काय होतें, हा धडा शेळगांवच्याच तालुक्यानें इंग्रजी अमदानीच्या आरंभीं सोसला. पेशवाई १८१८ मध्यें बुडाली. त्यानंतर दहा वर्षांच्या आंत रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्यांतील जमिनींची मोजणी व प्रतवारी सुरू केली. त्याचें तत्त्व कागदावर मोठें सुबक होतें. शेताच्या एकंदर उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा करावा, आणि राहील त्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे. परंतु एकेका शेताचें निव्वळ उत्पन्न ठरवावयाचें म्हणजे पीक, बी, बैल, मजुरी, भाव अशा असंख्य गोष्टींच्या नोंदी लागत. त्या खालच्या नोकरांच्या हातच्या असत. त्यांत अंदाज शिरला, लांचलुचपत शिरली. आणि प्रत्येक नोंद इतक्या हिशेबांतून गाळून पुढें जाई कीं, शेवटचा आंकडा चुकला तर तो कोणत्या पायरीवर चुकला हें वरच्या अधिकाऱ्याला शोधून काढतां येईना. त्यांत धान्याचे भाव उतरले. सारा देणें अशक्य झालें, शेतें पडीक पडलीं, आणि पुष्कळ कुळें गांव सोडून परागंदा झालीं. चुकीच्या नोंदीची किंमत लिहिणाऱ्यानें दिली नाहीं. ती नांगर धरणाऱ्यानें दिली.

१८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी व विंगेट हा लष्करांतील इंजिनियर यांनीं इंदापुरांत हें काम नव्यानें हातीं घेतलें. १८३६ मध्यें नवे दर लागू झाले, आणि ते तीस वर्षें बदलावयाचे नाहींत असें ठरलें. या पद्धतीचे नियम पुढें १८४७ च्या संयुक्त अहवालांत पक्के झाले, आणि इंदापुरांत सुरू झालेली ही जमाबंदी मुंबई इलाख्यांत पसरली. तींतील नोंदीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. प्रतवारी करणारा कारकून शेताचा लहानसा नकाशा काढी व त्याचे भाग पाडी. प्रत्येक भागांत मातीचा रंग व खोली पाहून प्रतीचा आंकडा मांडी. प्रती एकंदर नऊ. मातींत वाळू, चुनखडी, उतार किंवा असाच दुसरा दोष दिसला तर त्यासाठीं ठरलेली खूण करी, आणि दर खुणेमागें जमीन एका प्रतीनें खालीं उतरे. एवढें लिहिलें कीं त्याचें काम संपलें. सारा किती बसवावा हें तो ठरवीत नसे. पाऊसमान, बाजाराची जवळीक आणि गांवाचा मागील इतिहास पाहून दर ठरविण्याचें काम वरच्या अधिकाऱ्याचें असे. शिवाय कांहीं शेतें वरचा अधिकारी स्वतः पुन्हां पाहून कारकुनाचे आंकडे पडताळी. नोंद सोपी होती, तिची चिन्हें ठरलेलीं होतीं, ती तपासतां येत होती, आणि निर्णय तिच्यापासून वेगळा ठेवलेला होता. जमाबंदीचे दर पुढेंहि वादाचे विषय झाले; पण नोंद करण्याची ही तऱ्हा टिकली.

आतां ही गोष्ट यंत्राकडे कशी गेली तें पाहूं. अशा नोंदवहीला इंग्रजींत ‘लॉग’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ लांकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठीं दोरीला बांधलेला लांकडाचा तुकडा जहाजाच्या मागून समुद्रांत टाकीत. दोरीला ठराविक अंतरावर गांठी असत. वाळूचें घड्याळ रितें होईपर्यंत किती गांठी हातांतून सरकल्या, त्यावरून वेग कळे. जहाजाचा वेग गांठींत सांगण्याची रीत तेथूनच आली. तो वेग, वाऱ्याची दिशा व घडलेल्या गोष्टी ज्या वहींत लिहीत ती लॉगबुक. जहाज भरकटलें तर कप्तानाला मागच्या नोंदींवरून आपण कोठें आहोंत याचा तर्क करतां येई. संगणकवाल्यांनीं हा शब्द तसाच उचलला.

सी ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत घडविली. युनिक्स ही संगणक चालविणारी व्यवस्था तींत लिहिली गेली, आणि पुढें जगांतील असंख्य यंत्रांच्या पोटांत ही भाषा जाऊन बसली. या भाषेंत ‘लायब्ररी’ म्हणजे पुस्तकालय नव्हे. एखादें काम नीट करणारी फंक्शनें एकदां लिहून ठेवावीं, आणि ज्याला गरज असेल त्यानें आपल्या प्रोग्राममध्यें तीं बोलावावीं, अशा तयार संग्रहाला लायब्ररी म्हणतात. लग्नघरीं बोलावलेल्या आचाऱ्याची तिला उपमा शोभेल. आचारी कसबी असतो. पण घर त्याचें नसतें. तो आज एका घरीं, उद्यां दुसऱ्या घरीं. कोठीघरांत तांदूळ कमी पडले तर त्यानें काय करावें? मांडवांत येऊन ओरडूं नये. रागानें चूल विझवून निघून जाऊं नये. आणि भात कमी पडेपर्यंत गप्पहि बसूं नये. घरधन्याला हळूच, पण वेळेवर आणि नेमकें सांगावें. पुढें दुकानांतून आणवावयाचे कीं शेजारून मागावयाचे, हें घरधनी ठरवील. सी भाषेंतील लायब्ररीनें निरोप कसे द्यावे याचें सारें शास्त्र या एका दृष्टान्तांत आलें आहे. पण तें समजण्यास मंडळींना तीस-चाळीस वर्षें लागलीं.

पहिला धडा बेल प्रयोगशाळेंतच मिळाला. युनिक्सवर आरंभीं प्रोग्रामचें खरें उत्तर आणि त्याची तक्रार दोन्ही एकाच वाटेनें बाहेर पडत. पुढें तेथें छायाचित्रानें अक्षर जुळविणारें यंत्र आलें. त्याचा लांबलचक कागद एका दुर्गंधी रसायनयंत्रांतून काढून छपाई दिसण्यास कांहीं मिनिटें लागत. एके दिवशीं कित्येकांना सारखाच अनुभव आला: सगळी यातायात करून कागद बाहेर निघाला, तर त्यावर सुंदर अक्षरांत एकच ओळ होती, अमुक फाइल उघडतां येत नाहीं! पानाच्या जागीं तक्रारच छापली गेली होती. मंडळी चांगलीच कुरकुरलीं, आणि थोड्याच दिवसांत तक्रारींसाठीं निराळी वाट निर्माण झाली. तिला ‘स्टँडर्ड एरर’ म्हणतात. उत्तर एका नळींतून, तक्रार दुसऱ्या नळींतून, हा नियम तेव्हांपासून रूढ झाला.

दुसरा धडा टपालानें दिला. १९८० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत एरिक ऑलमन यांनीं संगणकावरील पत्रें पोंचविणारा ‘सेंडमेल’ नांवाचा प्रोग्राम लिहिला. तो रात्रंदिवस पडद्यामागें चाले. त्याच्या तक्रारी वाचावयास पडद्यासमोर कोणी बसलेलें नसे. म्हणून ऑलमन यांनीं ‘सिसलॉग’ नांवाची व्यवस्था केली. प्रोग्रामनें आपला निरोप तिच्या स्वाधीन करावा. तो कोणत्या फाइलींत लिहावा, दुसऱ्या यंत्राकडे पाठवावा, कीं टाकून द्यावा, हें यंत्राच्या व्यवस्थापकानें एका निराळ्या कागदावर आधींच लिहून ठेवावें. प्रत्येक निरोपावर दोन खुणा: तो कोणत्या खात्याचा, आणि किती निकडीचा. निकडीच्या पायऱ्या आठ. सर्वांत वरची यंत्र निकामी झाल्याची, तिच्याखालीं तातडीच्या व गंभीर निरोपांच्या. मग चूक, इशारा, ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट, साधी माहिती, आणि सर्वांत खालीं दुरुस्ती करणाऱ्यालाच लागणारा बारीक तपशील. ही व्यवस्था सेंडमेलपुरती न राहतां सर्वत्र पसरली. २००१ मध्यें तिचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि २००९ मध्यें तिचे नियम प्रमाण म्हणून बांधले गेले.

आठ पायऱ्या आणि नऊ प्रती यांतील साम्य वरवरचें नाहीं. इंदापूरच्या कारकुनास जसा मातीच्या रंगाखोलीवरून आंकडा मांडावा लागे, तशीच निकडीची पायरीहि गोष्टीच्या स्वरूपावरून ठरली पाहिजे, लिहिणाऱ्याच्या घाबरटपणावरून नव्हे. दोन निरनिराळ्या माणसांनीं एकच शेत पाहिलें तर एकच प्रत लिहिली जावी. तसेंच दोन निरनिराळ्या लायब्रऱ्यांनीं ‘चूक’ म्हटलें तर त्याचा अर्थ सारखाच असावा. कांहीं लायब्रऱ्या साध्या गोष्टीलाहि ‘चूक’ म्हणतात. मग व्यवस्थापक त्या शब्दाकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो, आणि खरी चूक येते तेव्हां ती वाचावयास कोणीच नसतें.

प्रोग्राम आणि व्यवस्थापक यांचा प्रश्न सिसलॉगनें सोडविला. पण लायब्ररीचा प्रश्न उरला. आचाऱ्यानें घरधन्याला न विचारतां परस्पर पोलिसचौकींत वर्दी द्यावी, तसें लायब्ररीनें थेट सिसलॉगला लिहिणें होय. जुन्या लायब्रऱ्या याहूनहि पुढें जात. १९८४ मध्यें एम. आय. टी. या संस्थेंत ‘एक्स विंडो’ नांवाची पडद्यावर खिडक्या काढणारी व्यवस्था जन्मली. तिची सी भाषेंतील लायब्ररी, कोणी दुसरी सोय केली नसेल तर, चूक आढळतांच निरोप छापते आणि सगळा प्रोग्रामच बंद करते. लिहिणाऱ्याचा मजकूर जतन झाला आहे कीं नाहीं, याची तिला माहिती नसते. मात्र तिच्या कर्त्यांनीं एक दारहि ठेवलें होतें. प्रोग्राममधील एखादें फंक्शन आधींच तिच्या स्वाधीन केलें, तर चूक झाल्यावर ती त्याच फंक्शनला हांक मारते. या युक्तीस ‘कॉलबॅक’ म्हणतात, म्हणजे घरधन्यानें आचाऱ्याला सांगून ठेवावें कीं, कांहीं कमी पडलें तर या माणसाला बोलव.

पुढील लायब्रऱ्यांनीं हें दार रुंद केलें. ‘जीलिब’ या लायब्ररींत निरोपाबरोबर तो पाठविणाऱ्या लायब्ररीचें नांवहि जातें. एका प्रोग्रामच्या पोटांत दहा लायब्रऱ्या असतील. नांव असलें म्हणजे कोणाचा आवाज ऐकावयाचा आणि कोणाचा बंद करावयाचा हें घरधन्यास निराळें ठरवितां येतें. ‘एसक्यूलाइट’ ही माहिती सांठविणारी लायब्ररी आज जवळजवळ प्रत्येक खिशांतील फोनमध्यें आहे. तिनें २०१० मध्यें नोंदीसाठीं एक कॉलबॅक दिला. धन्यानें तो नेमला नाहीं तर लायब्ररी तेथें कांहींच लिहीत नाहीं. नेमला तर त्याच्या हातीं तीनच गोष्टी देते: धन्यानें पूर्वीं दिलेली खूण, चुकीचा आंकडा आणि मजकूर. त्याबरोबर एक अट असते. निरोप ऐकणाऱ्या फंक्शननें निरोप ऐकतां ऐकतां याच लायब्ररीला दुसरें काम सांगूं नये. नोंद लिहितांना पुन्हां चूक झाली, तिची नोंद लिहितांना आणखी एक, असें झालें तर तें चक्र थांबणार कसें?

या अनुभवांतून लायब्ररीच्या नोंदीची जी रचना सर्वमान्य झाली, ती थोडक्यांत अशी. निरोपांत वेळ, निकडीची पायरी, लायब्ररीचें नांव, प्रोग्रामच्या लिखाणांतील फाइल व ओळ, आणि मजकूर एवढें असावें. घरधन्यानें पायरीची मर्यादा ठरवून द्यावी. तिच्याखालचा निरोप असेल तर मजकूर जुळविण्याचे कष्टहि घेऊं नयेत, म्हणजे शांत घरांत नोंदीचा भार पडत नाहीं. एकाच वेळीं अनेक हात काम करीत असतील तर दोघांचे निरोप एका ओळींत मिसळणार नाहींत अशी कडी हवी. दोन कारकुनांनीं एकाच वहींत एकाच वेळीं लेखणी चालविली तर काय होईल हें सांगावयास नकोच. निकडीची नोंद त्याच क्षणीं वहींत उतरावी; दिवसाअखेर लिहूं म्हणून मनांत ठेवलेली नोंद यंत्र मध्येंच बंद पडल्यास बुडते. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, नोंद केली म्हणून उत्तर देण्याची जबाबदारी टळत नाहीं. काम झालें नाहीं तर फंक्शननें तसा आंकडा बोलावणाऱ्यास परत दिलाच पाहिजे. बारनिशींत चढलेला क्रमांक म्हणजे अर्जाचें उत्तर नव्हे.

इतकें ठरल्यावरहि सर्वांत कडू धडा बाकी होता, आणि तो नोंदीच्या दारांतूनच आला. सी भाषेंत मजकूर छापणाऱ्या फंक्शनांना एक सांचा द्यावा लागतो. सांच्यांत शेंकड्याच्या चिन्हाच्या खुणा असतात. येथें आंकडा भर, येथें नांव भर, असें त्या सांगतात. एक खूण तर यंत्राच्या स्मृतींत लिहावयास लावणारी आहे. सिसलॉगचें फंक्शनहि असाच सांचा घेतें. लिनक्सवरील ‘आरपीसी स्टॅटडी’ या लहानशा प्रोग्रामनें बाहेरून आलेला मजकूर सांच्यांत भरण्याऐवजीं तोच सांचा म्हणून सिसलॉगला दिला. मग दूरच्या कोणा भामट्यानें आपल्या निरोपांत अशा खुणा पेरून ठेवल्या कीं यंत्र त्या पाळूं लागे, आणि अखेरीस सगळें यंत्र त्याच्या ताब्यांत जाई. ऑगस्ट २००० मध्यें याचा जाहीर इशारा देण्यांत आला. तरीहि जानेवारी २००१ मध्यें ‘रामेन’ नांवाचा किडा याच वाटेनें, आणि अशाच दुसऱ्या दोन वाटांनीं, यंत्रामागून यंत्रांत शिरला. उपाय एका ओळीचा होता: सांचा आपला ठेवावा, आणि परक्याचा मजकूर त्यांत केवळ मजकूर म्हणून भरावा.

बारनिशीच्या भाषेंत सांगावयाचें तर, कारकुनास सांगितलें होतें कीं आलेला कागद वहींत उतर. आणि तो कागदांतील हुकूम पाळूं लागला. हा दोष सी भाषेपुरताच नाहीं, हें डिसेंबर २०२१ मध्यें पुन्हां दिसून आलें. जावा भाषेंतील ‘लॉगफोरजे’ ही नोंदीची लायब्ररी जगभर वापरली जात होती. मजकुरांतील विशिष्ट खुणा दिसतांच ती दूरच्या यंत्राकडून कांहीं आणावयास धांवे, आणि त्यांतून परक्याचा प्रोग्राम घरांत घुसे. व्यवस्थापकांचे कित्येक आठवडे ती दुरुस्त करण्यांत गेले. नोंद करणारा निर्णय घेऊं लागला म्हणजे काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

उलट बाजूहि आहे. कांहींच लिहिलें नाहीं तर साक्षीदार उरत नाहीं हें खरें. पण सर्वच लिहिलें तर घरचें गुपित चव्हाट्यावर येतें. मे २०१८ मध्यें ट्विटर या कंपनीनें आपल्या सर्व ग्राहकांस परवलीचा शब्द बदलण्याची विनंती केली. कोणी चोरी केल्याचें आढळलें नव्हतें. पण ते गुप्त शब्द झांकले जाण्यापूर्वींच कंपनीच्या आंतील एका नोंदवहींत जसेच्या तसे उतरले जात होते. म्हणून काय लिहावें याबरोबरच काय कधींहि लिहूं नये, ही यादीहि नोंदीच्या रचनेंत आधींच असावी लागते. लायब्ररीला घरांतले सर्व व्यवहार दिसतात; म्हणून तिनें अधिक सांभाळून बोललें पाहिजे.

असो. प्रिंगलच्या मोजणीचा पाया गणिताचा होता, आणि त्याचा हेतुहि वाईट नव्हता. त्याच्या पद्धतींत उणीव होती ती एवढीच कीं, खालीं लिहिलेली गोष्ट वर तपासतां येत नव्हती, आणि लिहिणाऱ्याच्या हातांतच शेतकऱ्याचें भवितव्य गेलें होतें. इंदापुरांत ती चूक सुधारली ती अधिक हुशार माणसें आणून नव्हे, तर नोंद सोपी करून आणि निर्णय तिच्यापासून वेगळा करून. सी भाषेच्या लायब्ररी लिहिणाऱ्यांनींहि शेवटीं तेंच केलें. आज शेळगांवच्या शेतकऱ्याचा उतारा ज्या यंत्रांतून निघतो त्यांतहि अशा लायब्रऱ्या आहेत, आणि त्यांचे कर्ते त्या शेतकऱ्याला कधींहि भेटणार नाहींत. त्यांच्या हातून त्याचें जें हित होणार तें इतकेंच कीं, त्याचें काम अडलें तर तें कोठें आणि कां अडलें याची खरी ओळ कोठें तरी लिहिलेली असावी, आणि ती वाचून न्याय देणारा माणूस दुसरा असावा.